पुरेशी ऐपत : नोकरी सुटलेल्या पित्याच्या पोटगीचा इतिहास

नोकरी गेली म्हणून माणसाचीं देणीं थांबत नाहींत. परंतु त्यांतील कांहीं पुढें ढकलतां येतात. घरमालक थोडे दिवस वाट पाहतो, वाणी उधारीचें खातें आणखी एक महिना चालूं देतो, सावकार व्याज चढवून मुदत वाढवितो. ज्याला थांबतां येत नाहीं असा धनको एकच, आणि तो म्हणजे मूल. त्याचें दूध, त्याचें औषध, त्याच्या शाळेची फी हीं ज्या त्या वेळींच लागतात. आईबाप एका छपराखालीं राहत असले तर ही ओढाताण घरच्या घरांत निभावून जाते. आई आपल्या ताटांतलें कमी करते आणि बाप आपली विडी सोडतो. पण आईबाप विभक्त झालेले असले, मूल आईजवळ असलें आणि न्यायालयाच्या हुकुमानें बापाकडून दरमहा ठराविक रक्कम येत असली, तर बापाची नोकरी सुटतांच तो हुकूम आणि त्याची रिकामी कनवट यांची गांठ पडते. अशा वेळीं कायदा कोणाकडे पाहतो, हा प्रश्न आजचा वाटला तरी फार जुना आहे.

या प्रश्नाच्या इतिहासांत दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. ते म्हणजे ‘पुरेशी ऐपत’. ज्याची ऐपत पुरेशी आहे त्यानें आपल्या मुलाला पोसावें, याविषयीं दुमत नसतें. वाद पडतो तो ऐपत कशाला म्हणावें यावर. कनवटीला असलेला पैसा म्हणजे ऐपत, कीं पैसा मिळविण्याचें अंगांतील बळ म्हणजे ऐपत? बापाचें म्हणणें बहुधा पहिलें असतें, आईचें दुसरें. न्यायाधीशाला दोघांचेंहि ऐकून एक आंकडा लिहावा लागतो.

भारतीय धर्मशास्त्राची भूमिका या बाबतींत कडक होती. अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवर कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढें महाराष्ट्रांतील दायविभागाचा व्यवहार मुख्यतः तिच्या आधारें चालला. वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि लहान मूल यांचें पोषण, त्यासाठीं एरव्हीं अकरणीय मानलेलीं कामें करावीं लागलीं तरी, केलेंच पाहिजे, असा मनूच्या नांवावर चालत आलेला दंडक या परंपरेंत प्रमाण मानला गेला. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं हिंदु धर्मशास्त्राचा अर्थ लावतांना त्याला सिद्धांताचें रूप दिलें. इतर नातलगांच्या पोषणाचा भार कुटुंबाच्या मिळकतीवर असतो. परंतु बायको, अज्ञान मुलें आणि वृद्ध आईबाप यांच्या पोषणाचा भार नात्यांतूनच उद्भवतो. मिळकत असो वा नसो, तो माणसाच्या शिरावर आहेच, असा तो सिद्धांत. म्हणजे शास्त्रानें ऐपतीची अट घातलीच नव्हती. मात्र या कर्तव्याची अंमलबजावणी राजदंडापेक्षां भाऊबंदांच्या आणि ज्ञातीच्या धाकावर अधिक अवलंबून होती, आणि तो धाक गांवाच्या शिवेपलीकडे फारसा पोंचत नसे.

आज भारतीय न्यायालयांत चालणारा पोटगीचा फौजदारी कायदा मात्र या परंपरेंतून जन्मला नाहीं. त्याचें मूळ इंग्लंडांत शोधावें लागतें. राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींत, १६०१ सालीं, दरिद्र्यांविषयींचा जो कायदा झाला त्यानें प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दींत मोडणाऱ्या वस्तीवर, तेथील निराधारांना पोसण्याचा भार टाकला. त्यासाठीं रहिवाशांवर कर बसविण्यांत आला आणि तो गोळा करून वांटण्यासाठीं पर्यवेक्षक नेमले गेले. कर भरणारांना साहजिकच वाटूं लागलें कीं ज्याचें मूल त्यानें पोसावें. म्हणून त्याच कायद्यानें आईबाप, आजाआजी आणि मुलें यांवर आपल्या निराधार नातलगाच्या पोषणाचें बंधन घातलें. अट एवढीच कीं पोसणाराच्या अंगीं पुरेसें सामर्थ्य असावें. हुकूम मोडल्यास महिन्याला वीस शिलिंग दंड होता. भारतीय संहितेंतील ‘पुरेशी ऐपत’ ही अट याच कुळांतली आहे.

१८२४ सालच्या भटक्यांविषयींच्या कायद्यानें या बंधनाला अधिक धार आणली. काम करून स्वतःस व कुटुंबास पोसण्यास जो समर्थ आहे, तरीहि जो बुद्ध्याच तसें करीत नाहीं, आणि त्यामुळें ज्याचें कुटुंब पॅरिशच्या अंगावर पडतें, त्याला एक महिन्यापर्यंत सक्तमजुरीची कैद देतां येऊं लागली. येथें ‘बुद्ध्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काम न मिळालेला माणूस आणि काम टाळणारा माणूस हे निराळे, हा भेद निदान कागदावर तरी मान्य झाला होता. पुढें दहा वर्षांनीं, १८३४ सालीं, दरिद्र्यांचा कायदा बदलला आणि धडधाकट माणसाला मदत हवी असल्यास त्यानें बायकामुलांसह ‘वर्कहाउस’ नांवाच्या सरकारी आश्रयगृहांत यावें अशी नीति ठरली. तेथें पुरुष, स्त्रिया आणि मुलें यांना निरनिराळ्या दालनांत ठेवीत. ती मदत अपमानकारक होती, पण ती मदत होती. बेकार बापाचें मूल उपाशीं मरूं नये म्हणून दंडाच्या मागें कोठें तरी एक भाकरीहि ठेवलेली होती.

भारतांत १८६१ सालीं फौजदारी कार्यपद्धतीची पहिली संहिता झाली. पुरेशी ऐपत असतां जो इसम आपल्या बायकोची, किंवा स्वतःचें पोट भरण्यास असमर्थ अशा आपल्या मुलाची हेळसांड करील, त्याच्यावर दरमहा पन्नास रुपयांपर्यंत पोटगी बसविण्याचा अधिकार तिच्या ३१६ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटास दिला. मूल औरस कीं अनौरस हा भेद त्या कलमानें केला नाहीं. पक्षकारांचा धर्म कोणता हेंहि विचारलें नाहीं. त्या काळाच्या मानानें ही लहान गोष्ट नव्हे. १८७२ सालीं संहिता सुधारली गेली तेव्हां गव्हर्नर-जनरलच्या मंडळांत कायद्याचें खातें जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्याकडे होतें. पोटगीच्या प्रकरणाचा हेतु भटकेपणाला, निदान त्याच्या परिणामांना, आळा घालण्याचा आहे, असा खुलासा त्यांनीं केला. म्हणजे दृष्टि इंग्लंडांतील पॅरिशचीच होती : उघड्यावर पडलेलें मूल समाजाच्या अंगावर येऊं नये. परंतु कायदा बोटींतून इकडे आला आणि पॅरिशची तिजोरी मागेंच राहिली. इंग्लंडांतल्यासारखा दरिद्र्यांचा कायदा येथें कधींच झाला नाहीं. दुष्काळ पडला तर सरकार खडी फोडण्याचीं कामें काढी. एरव्हीं एकत्र कुटुंब आहेच, तें पोशील, असें गृहीत धरलें जाई. अशा रीतीनें हुकूम, जप्ती आणि कैद हीं तिन्ही आलीं; त्यांच्या मागची भाकरी तेवढी आली नाहीं. या कायद्याची पुढची बहुतेक अडचण या एका उणिवेंतून निघाली आहे.

ज्या एकत्र कुटुंबावर भिस्त ठेवली होती तें त्याच सुमारास विसकटूं लागलें होतें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या सुती गिरणीचा पाया घातला. पुढील पन्नास वर्षांत गिरण्यांच्या चिमण्या परळ-लालबागच्या आकाशांत दाटल्या आणि रत्नागिरी, सातारा यांसारख्या जिल्ह्यांतून हजारों माणसें त्यांच्या सांच्यांवर येऊन उभीं राहिलीं. गोदी, रेल्वे, पेढ्या आणि कचेऱ्या यांनींहि अशींच माणसें गांवांतून उचललीं. त्यांच्याबरोबर एक नवी आपत्ति जन्मास आली. दुष्काळ पडला तर तो साऱ्या गांवाचा असतो. नोकरी सुटली तर ती एकट्याची सुटते. शेजारच्या खोलींत चूल पेटलेली असते आणि याच्या हातांत मात्र रजा दिल्याची चिठ्ठी असते. गांवाकडचा चुलता आतां शंभर कोसांवर आहे आणि खोलीचें भाडें दारांत उभें आहे. अशा माणसावर पोटगीचा हुकूम झालेला असला म्हणजे ‘पुरेशी ऐपत’ या शब्दांचा कस लागतो.

१८८२ व १८९८ सालच्या संहितांत हें कलम ४८८ व्या क्रमांकावर आलें आणि त्याच क्रमांकानें तें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ वकिलांच्या तोंडीं राहिलें. पोटगीची कमाल मर्यादा १९२३ सालीं शंभर रुपये आणि १९५५ सालीं पांचशें रुपये झाली. वसुलीची रीत मात्र मूळचीच राहिली. हुकुमाप्रमाणें रक्कम न भरल्यास दंडाप्रमाणें ती जप्तीनें वसूल करावयाची. तरीहि बाकी राहिली तर दर महिन्याच्या थकलेल्या हप्त्यामागें एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे त्यापूर्वीं भरल्यास तोंवर, कैद द्यावयाची.

आतां ऐपतीचा अर्थ. ‘नोकरी नाहीं, जमीन नाहीं, घर नाहीं, ऐपत कोठली?’ असा बचाव न्यायालयांपुढें वारंवार येऊं लागला. तो जर मान्य झाला असता तर कलमाचा उपयोग सुखवस्तु नवऱ्यांपुरताच उरला असता, कारण मजुराच्या नांवें मिळकत अशी नसतेच. म्हणून न्यायाधीशांनीं अर्थ विस्तृत केला. ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच प्रांत असतां, १९३३ च्या सुमारास, रंगूनच्या उच्च न्यायालयानें असें मत दिलें कीं ऐपत म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारी मिळकत किंवा ठराविक नोकरी नव्हे. माणूस निरोगी व धडधाकट असेल तर बायकोमुलांना पोसण्याची ऐपत त्याच्या ठायीं आहे असेंच धरलें पाहिजे. १९६८ च्या निर्णयसंग्रहांत आलेल्या एका निकालांत दिल्ली उच्च न्यायालयानेंहि हाच विचार पुढें नेला : सशक्त तरुण मनुष्य कुटुंबापुरतें कमावूं शकतो हें गृहीत; शकत नसेल तर तसें दाखविण्याचा भार त्याच्यावर. अशा प्रकारें धर्मशास्त्रानें न घातलेली आणि इंग्रजी कायद्यानें घातलेली ऐपतीची अट, अर्थ लावतां लावतां, पुष्कळशी वितळून गेली. विज्ञानेश्वराच्या भूमिकेच्या बरेंच जवळ भारतीय न्यायालयें निराळ्याच वाटेनें येऊन पोंचलीं.

या भूमिकेंत कठोरपणा आहे, हें नाकारतां येत नाहीं. बाजारांत काम नसतांना ‘तुझे हातपाय शाबूत आहेत’ असें म्हणून भाजी विकत मिळत नाहीं. पण या कठोरपणाला कारणहि आहे. आपली कमाई दडविणें बापाला सोपें असतें आणि ती शोधून काढणें आईला फार कठीण. खटला उभा राहतांच राजीनामा देणारे, दुकान भावाच्या नांवावर करणारे, खऱ्या पगाराच्या जागीं भलताच आंकडा सांगणारे लोक न्यायालयांनीं पुष्कळ पाहिले. ‘काम नाहीं’ या शब्दांवर विश्वास ठेवला तर लबाडाचें फावतें; मुळींच ठेवला नाहीं तर खरा बेकार भरडला जातो. कायद्यानें या दोहोंमध्यें वाट काढण्याचा प्रयत्न केला, आणि तो दोन ठिकाणीं दिसतो. कैदेच्या कलमांत ‘पुरेशा कारणावांचून’ हुकूम न पाळल्यास असे शब्द आहेत. आजार, अपंगत्व, प्रामाणिकपणें शोधूनहि काम न मिळणें, हीं कारणें मांडण्याची संधि तेथें आहे. आणि दुसरें ठिकाण म्हणजे शेजारचें ४८९ वें कलम. देणाराच्या किंवा घेणाराच्या परिस्थितींत बदल झाल्याचा पुरावा आल्यास मॅजिस्ट्रेटानें पोटगीच्या रकमेंत योग्य तो फेरफार करावा, असें तें सांगतें. मूल मोठें झालें, आजारी पडलें, तर आईनें या दारानें जावें. बापाची नोकरी गेली तर बापानें याच दारानें यावें.

खरी गोम येथें आहे. नोकरी सुटली म्हणजे हुकूम आपोआप सुटत नाहीं. समजा, एका कारकुनावर मुलासाठीं दरमहा सहा हजार रुपयांचा हुकूम आहे आणि त्याची नोकरी गेली. लाजेपोटीं, वकिलाच्या फीच्या भीतीनें, किंवा ‘नाहीं तर देणार कोठून’ अशा समजुतीनें तो दहा महिने गप्प बसला, तर त्या दहा महिन्यांत साठ हजारांचें देणें उभें राहतें. नव्या नोकरीच्या पहिल्या पगाराची वाट जप्तीचा हुकूम पाहत असतो. तोच माणूस पहिल्याच महिन्यांत कामावरून कमी केल्याचें पत्र घेऊन न्यायालयांत गेला असता तर रक्कम कमी होण्याचा संभव होता. इतिहासांत या दुसऱ्या दाराचा उपयोग ज्यांना सर्वांत अधिक गरज होती त्यांनींच सर्वांत कमी केला, असें दिसतें. कारण ज्याच्याजवळ बसभाड्याचे पैसे नसतात त्याच्याजवळ कोर्टाच्या खेपा घालण्याचें बळहि नसतें.

स्वातंत्र्यानंतर कांहीं गोष्टी सुधारल्या. १९५३ सालीं औद्योगिक कलहांच्या कायद्यांत नवें प्रकरण घालून, छाटणी झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षाच्या नोकरीमागें पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरविण्यांत आली. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें अपत्याच्या पोषणाचें दायित्व बापाबरोबर आईवरहि टाकलें, आणि परिस्थिति बदलल्यास रक्कम बदलण्याची तरतूद त्यांतहि ठेवली. पण संकट मोठें असलें म्हणजे अशी भरपाई किती दिवस पुरणार! १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील सुमारें अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संपावर गेले, आणि त्यांतील पुष्कळांना सांच्यावर परत कधींच उभें राहतां आलें नाहीं. त्या काळांत गिरणगांवांतील घरें कोणी चालविलीं, हें तेथील माणसें अजूनहि सांगतात. बायकांनीं धुणींभांडीं केलीं, पोळ्या लाटल्या, शिवणकाम केलें. खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालींच अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली होती. पोटगीच्या कायद्याच्या इतिहासांत या स्त्रियांचीं नांवें येत नाहींत. परंतु बापाची मिळकत थांबल्यावर मूल प्रत्यक्षांत कोणाच्या हातून जेवलें, याचें उत्तर या घरांतूनच मिळतें. बापाची ऐपत संपल्याचा दाखला न्यायालय देऊं शकतें. आईला असा दाखला कोठेंच मिळत नाहीं.

१९७३ ची नवी फौजदारी कार्यसंहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलांत आली. तिच्यांत जुनें ४८८ वें कलम १२५ वें झालें आणि ४८९ वें कलम १२७ वें. पांचशें रुपयांची मर्यादा तशीच राहिली. भाव कितीतरी पटींनीं वाढले तरी, कांहीं राज्यांनीं आपापल्यापुरती केलेली वाढ सोडल्यास, केंद्राच्या कायद्यांतील तो आंकडा २००१ सालापर्यंत हलला नाहीं. त्या वर्षीं मर्यादा काढून टाकण्यांत आली, आणि खटला चालूं असतांना अंतरिम पोटगीची तरतूद होऊन तिचा अर्ज शक्यतों साठ दिवसांत निकालांत काढावा असें ठरलें. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें घेतली. आतां पोटगीचें कलम १४४ वें आहे, फेरफाराचें १४६ वें आणि अंमलबजावणीचें १४७ वें. ‘पुरेशी ऐपत’ हे शब्द मात्र १८६१ पासून या सर्व स्थित्यंतरांत टिकून राहिले.

अलीकडच्या वर्षांत सर्वोच्च न्यायालयानें या शब्दांचा अर्थ आणखी आवळला आहे. २०१५ च्या एका प्रकरणांत लष्करांतील शिपाई निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयानें त्याच्या पत्नीची पोटगी चार हजारांवरून दोन हजारांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हा चार हजार केली आणि नोकरी नाहीं, धंदा चालत नाहीं, या सबबी धडधाकट माणसाच्या तोंडीं शोभत नाहींत असें सुनावलें. २०२२ सालीं, धंदा बंद पडल्याचें सांगणाऱ्या एका पतीला, अंगमेहनत करावी लागली तरी बायकोमुलांना पोसणें हें कर्तव्यच आहे, असें त्या न्यायालयानें बजावलें. या दोहोंच्या मध्यें, ४ नोव्हेंबर २०२० रोजीं, म्हणजे टाळेबंदीनें असंख्य लोकांचें काम हिरावून घेतलें त्याच वर्षीं, अधिक समतोल असा निर्णय आला. दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न, मिळकत, कर्ज आणि खर्च यांचें प्रतिज्ञापत्र प्रथमच द्यावें. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. उत्पन्नाचें साधन नाहीं एवढें म्हटल्यानें पति दायित्वांतून सुटत नाहीं, त्याचें शिक्षण व कमावण्याची शक्ति पाहावी. आणि आई पुरेसें कमावीत असेल तर मुलाच्या शिक्षणाचा खर्च दोघांनीं प्रमाणशीर वांटून घ्यावा, असे त्यांतील मुख्य मुद्दे आहेत. लबाडाला पकडण्यासाठीं जें प्रतिज्ञापत्र आहे तेंच खऱ्या बेकाराची ढालहि होऊं शकतें, कारण त्याची रिकामी बाजू प्रथमच पद्धतशीर रीतीनें कागदावर येते.

कैदेविषयींचा एक गैरसमज १९८० च्या दशकाच्या अखेरीस दूर झाला. एक महिना तुरुंगांत काढला म्हणजे त्या महिन्याची पोटगी फिटली, असें पुष्कळांना वाटे. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं कैद ही वसुलीची रीत आहे, फेड नव्हे. पैसे दिल्यावांचून देणें संपत नाहीं. तर्क निर्दोष आहे. बाप तुरुंगांत गेल्यानें मुलाचें पोट भरत नाहीं, मग त्याचा हक्क त्यामुळें कां बुडावा? परंतु याच तर्काची दुसरी बाजू अशी कीं तुरुंगांतला बाप कमावीतहि नाहीं. खरोखर निष्कांचन झालेल्या माणसाच्या बाबतींत कैदेनें मुलाच्या हातीं कांहींच पडत नाहीं. म्हणूनच ‘पुरेशा कारणावांचून’ हे शब्द न्यायाधीशानें प्रत्येक वेळीं डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजेत.

या कोंडींतून इतर देशांनीं काढलेल्या वाटा उद्बोधक आहेत. इंग्लंडांत दरिद्र्यांचा जुना कायदा १९४८ सालीं कायमचा निघाला. पुढें तेथें मुलांच्या निर्वाहासाठीं स्वतंत्र यंत्रणा झाली, आणि २०१२ सालीं सुरू झालेल्या पद्धतींत, सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या बापाकडूनहि आठवड्याला सात पौंड अशी लहानशी ठराविक रक्कम मुलासाठीं घेण्याचें ठरलें. रक्कम क्षुल्लक, परंतु दायित्वाचा धागा तुटत नाहीं आणि थकबाकीचा डोंगरहि होत नाहीं. जर्मनीनें याहून पुढें पाऊल टाकलें. तेथें १ जानेवारी १९८० पासून अमलांत आलेल्या कायद्याप्रमाणें, बापाकडून निर्वाहाची रक्कम न आल्यास सरकार ती स्वतः मुलाला आगाऊ देतें आणि नंतर, बापाची ऐपत असल्यास, त्याच्याकडून वसूल करतें. २०१७ सालीं ही सवलत मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत वाढविण्यांत आली. थांबणें मुलाला शक्य नाहीं, सरकारला शक्य आहे, एवढी साधी गोष्ट त्या कायद्यानें ओळखली.

भारतांत अशी देशव्यापी योजना नाहीं. महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांतून रोजगार हमीची कल्पना उचलून तिला १९७७ सालीं कायद्याचें रूप दिलें, हें खरें. मागणाराला काम देणें सरकारचें कर्तव्य आहे हें तत्त्व तिनें मान्य केलें. परंतु ती हमी ग्रामीण भागांतील अंगमेहनतीच्या कामापुरती होती. शहरांतला बेकार कारकून किंवा यंत्रचालक आणि त्याच्यापासून दूर राहणारें त्याचें मूल, यांच्यामध्यें आजहि न्यायालयाचा हुकूम तेवढाच उभा आहे.

तोंपर्यंत, जुन्या ४८९ व्या आणि आजच्या १४६ व्या कलमानें दिलेला मार्ग तरी वापरला गेला पाहिजे. ज्याची नोकरी सुटली त्यानें त्याच महिन्यांत न्यायालयाला तसें कळवावें. नोकरी सुटल्याचें पत्र, बँकेचें पुस्तक आणि काम मागितल्याचे कागद जोडावे. आणि पुरें देतां आलें नाहीं तरी जमेल तें देत राहावें. ज्या बाईच्या हातीं हुकूम आहे तिनेंहि थकबाकी फार दिवस सांचूं देऊं नये, कारण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आंत करावा लागतो. आणि ज्याच्या हातीं निकाल आहे त्यानें, समोर उभा असलेला माणूस काम टाळणारा आहे कीं काम न मिळालेला, हें १८२४ पासून विचारलें जात असलेलें कोडें प्रत्येक वेळीं नव्यानें सोडवावें. ऐपत कमी झाली तर आंकडा कमी होईल. मुलाचा हक्क मात्र कायमच राहील. पॅरिशची जी तिजोरी इंग्रजांनीं इकडे आणली नाहीं, तिच्या जागीं स्वतंत्र भारतानें काय ठेवावयाचें, हा प्रश्न मात्र अद्याप सुटावयाचा आहे. आणि तो एकट्या बापाला किंवा एकट्या आईला सोडवितां येण्यासारखा नाहीं.